थप्पी कुठवर जाते

आमचा कारखाना तंबू आणि ताडपत्र्या शिवायचा. छप्पर पत्र्याचं, आणि हिवाळ्यात आत अशी थंडी की सुई धरवत नाही. तंबूच्या कोपऱ्याची शिवण मशीनवर होत नाही, हातानेच घालावी लागते, आणि ती माझ्याइतकी घट्ट कोणाची येत नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. पण आताशा बोटं वळेनात. मी कोणाकडे बोलले नव्हते, तरी काम मागे पडतंय हे मुलाला दिसत होतंच. त्याने एकच पालुपद धरलं होतं, "आई, बास झालं. घरी बस." घरी बसून काय करू, भिंतींशी बोलू?

आमचे जावईबापू छताला टांगायचे गॅसचे हीटर बसवतात. हा हीटर हवा तापवत बसत नाही, उन्हासारखा खाली जे असेल त्याला ऊब देतो. मी त्यांना हळूच म्हटलं, माझ्या कोपऱ्यावर एक टांगा. तो लागला की माझं काम सुटणार नव्हतं.

जावई येणार म्हटल्यावर आम्ही कारखाना आवरला. ताडपत्रीचे गठ्ठे मागच्या अंगणात नेले, फरशी पुसली, सुनेने जळमटंही काढली. जावई जेवायला येवो की कामाला, पसाऱ्यात कसं बोलवायचं? ते आले, रिकामा कोपरा पाहिला, अंतर मोजलं, साखळ्यांनी हीटर टांगला. गॅसची नळी जोडली, जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं, धुराची नळी भिंतीतून बाहेर काढली, बंद करायचा कॉक हात पोचेल असा ठेवला. सगळं निगुतीने. मी तर शाल काढून तयारच बसले होते.

तेवढ्यात मालाची गाडी आली. आमची माणसं सवयीने गठ्ठे आणून माझ्या शेजारी रचू लागली, एकावर एक, थेट हीटरच्या पोटापर्यंत. जावईबापू शिडीवरून उतरले.

"आई, ही थप्पी रोज असते इथे?"

"रोज कुठली. माल आला की असते."

"आणि माल कधी येतो?"

"रोज," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. "मग इथे पेटवता येणार नाही. मी रिकामा कोपरा धरून मोजलं. मोजायचं ते थप्पी जिथवर जाते तिथून. इतक्या जवळ ताडपत्री तापून पेट घेईल."

हातातोंडाशी आलेला घास गेला. जावयावर चिडता येत नाही, म्हणून मी सुनेवर चिडले, एवढं आवरायचं काय नडलं होतं म्हणून. 

"गठ्ठे दुसरीकडे ठेवा ना," मी मुलाला म्हटलं.

"कुठे? बाहेर दवाने भिजतात, दारात गाडी लागते." मग त्याला आयतं निमित्तच मिळालं. "बघ आई, आता तरी घरी बस."

जावईबापू टेप घेऊन सगळा कारखाना फिरले आणि मधोमध, मुलाच्या टेबलापाशी थांबले. तिथे गिऱ्हाईक बसतं, म्हणून गठ्ठा कोणी ठेवत नाही. छपराची उंचीही तिथेच सगळ्यात जास्त.

"इथे चालेल," ते मुलाला म्हणाले. "पण मग आईंनी इथे बसायचं, आणि तू त्यांच्या जागेवर."

कारभार हातात आला तेव्हा मुलाने ते टेबल हौसेने करून घेतलं होतं. मला वाटलं, आता हा नाहीच म्हणणार. त्याने टेबलावरच्या वह्या उचलून बाजूला ठेवल्या. मग जावईबापूंना म्हणाला, "दाजी, ती बाजू धरा."

हीटर उतरवून तिथे टांगला, पुन्हा सगळे जोड तपासले, मगच पेटवला. ऊब हातांवर उतरली तेव्हा माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. मुलगा माझ्या कोपऱ्यात गठ्ठ्यांआड बसून ऑर्डरी लिहू लागला.

आठवडाही झाला नसेल, तो हात चोळत माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

"आई, तिथे हाडं गोठतात. इतकी वर्षं तू कधी बोलली नाहीस."

मी टाका ओढून घट्ट केला. "बोलले असते तर घरी बसवलं असतंस."

त्याला शेकायला जागा व्हावी म्हणून मी जरा सरकून बसले.