कापलेली शेवटची ओळ

मोनालीला मिळणार काय होतं, ते आधी मोजू. दोनशे अकरा फॉलोअरांचे झाले तर हजार, कॉलेजात चार मैत्रिणींचं "भारी गं", आणि माझ्या गच्च भरलेल्या पोटात थोडी जागा. बस्स.

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. काच तडकलेली, बॅटरी दुपारीच मान टाकणारी. नवा होतो तेव्हा मोनाली मला ओढणीनं पुसायची. आता अडलो की थोबाडीत मारते.

मंठ्याजवळच्या त्यांच्या गावात तिची आजी चांगुणाबाई भीमजयंतीची गाणी रचते. लिहिता येत नाही. कापूस वेचता वेचता रचते नि तोंडपाठ ठेवते. शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफायची रीत. तीच तिची सही. यंदाच्या नव्या गाण्यात होती, 'चांगुणा म्हणे, लेकी, पाटी सोडू नको बाई.'

मी ते गाणं पुरं टिपलं.

"कशाला करून राह्यली गं हे?" आजीनं विचारलं.

"असंच, आज्जी. आठवण म्हणून."

परवानगी म्हणाल तर एवढीच. मंग रील लांब होते म्हणून मोनालीनं शेवटची ओळ कापली, बाकीचं नेटवर टाकलं, आणि जागा हवी म्हणून मूळ गाणं पुसलं. कात्री माझीच होती.

चाळीस हजारांनी पाहिलं. त्यात जयंत्यांमधून गाणारा साहेबराव होता. त्याला बिननावाचं गाणं सापडलं. त्यानं शेवट जोडला, 'साहेब म्हणे, लेकी…' चालीत बराबर बसलं, नि त्याच्या आवाजात तेही नेटवर गेलं.

जयंतीला चांगुणाबाई माइकपाशी गेली. पहिली ओळ झाली तोच समोरची एक बाई हसली. "मावशे, हे तर साहेबरावचं हाय. तुमचं सोताचं म्हना की." तिनं मोबाइलवर लावूनही दाखवलं.

"माझंच हाय, माय, ते," आजी म्हणाली, आणि खाली उतरली.

मोनालीनं साहेबरावला फोन लावला, माझ्यावरूनच. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुमी तरी कुठं नाव टाकलं? माझ्या आधी टिपलेलं पुरं गाणं असंल तर धाडा, काढतो माझं नाव." ती मला कोपरा न् कोपरा धुंडाळत राहिली. माझ्यापाशी काही उरलं नव्हतं.

मित्रांनो, दुसऱ्याचं गाणं, चित्र, फोटो टाकायच्या आधी त्याला विचारा. टाकलंत तर नावासकट टाका. माझ्यासारख्याला नाव वाचवता येत नाही; ते तुमच्या बोटाचं काम.

मोनालीचे फॉलोअर नऊशे ऐंशी झाले, हजारही नाही. साहेबरावला सहा गावांची बोलावणी आली. चांगुणाबाई नवं गाणं रचते आहे, पण मी समोर दिसलो की ओठ मिटून घेते.