विहीर कोरडी, बटण दाबलेले

डोळखांबकडच्या एका पाड्याचा पंप गेल्या उन्हाळ्यात जळला आणि बायकांना ओढ्यात झरे खणून पाणी भरावे लागले. आता नवा पंप बसणार होता. तो चालू-बंद करणारे पॅनेल शहापूरच्या एका छोट्या कारखान्यात तयार होते, न्यायला टेम्पोही आला होता. फक्त पॅनेल तपासणाऱ्या प्रियांकाचा होकार बाकी होता.

पंप कधी चालावा याची अट फोरमन जगदीश यांनी लिहून दिली होती : टाकी रिकामी आणि विहिरीत पाणी किंवा बटण. प्रियांकाने ती स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये टाईप केली. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची. प्रोग्रॅम तिला कंस घालतो आणि प्रत्येक शक्यतेत पंप चालू की बंद, याची सत्यतासारणी छापतो. त्याने ‘आणि’ आधी बांधले : (टाकी रिकामी आणि विहिरीत पाणी) किंवा बटण. बटण कंसाबाहेर एकटे उरले. वायरिंगही तसेच होते. सारणीतली एक ओळ सांगत होती : विहीर कोरडी, बटण दाबलेले, पंप चालू. म्हणजे पंप कोरडा फिरून जळणार.

जगदीश हसले. कोरड्या विहिरीवर बटण कोण दाबेल, ही ओळ फक्त तुझ्या पडद्यावर, असे म्हणाले. प्रियांकाने पाड्यावर पंप बघणाऱ्या दामूकाकांना फोन लावला.

“हळदीला दाबतो ना,” ते म्हणाले. “मांडवात पाणी कमी पडलं तर नाव कोनाचं जाईल? तवा विहीर बघाया कोन जातंय गो?”

आणि हळदी वैशाखात, विहिरी आटल्यावर.

तिने कंस हलवले : विहिरीत पाणी आणि (टाकी रिकामी किंवा बटण). ती ओळ ‘पंप बंद’ झाली. टेम्पोवाला कटकट करत होता, जगदीश घड्याळ बघत होते.

“वायर बदलल्याशिवाय पॅनेल इथून हलणार नाही,” ती म्हणाली आणि स्वतः स्क्रू सोडायला बसली. थोड्या वेळाने जगदीशनी पक्कड उचलली.

वैशाखात दामूकाकांचा फोन आला. मागे हळदीची गाणी चालू होती.

“बटन दाबून दाबून बोट दुखलं. चालू नाय होत.”

“विहिरीत पाणी आहे का, काका?”

ते बघून आले. पाइपाचे तोंड उघडे पडले होते.

“मग विहिरीत झऱ्याचं पाणी चढेपर्यंत थांबा.”

“नवरीची आय माझ्या डोक्यावर उभी हाय. तिला काय सांगू?”

“प्रियांकाने बंद ठेवलाय म्हणून सांगा.”

दिवेलागणीला पुन्हा फोन आला. विहिरीत पाणी चढले होते, पंप चालू झाला होता.

“उद्या लग्नाला ये,” दामूकाका म्हणाले. “पन हंडा भरून आन. नवरीच्या आयनं सांगितलंय.”