मामंजींचं नाव

एक्कावन्न वर्षांत तोर्को म्हातारीनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, आणि न्यायाधीशबाई आज नेमकं तेच मागत होत्या. आमच्या तेलेंगितांत, अल्ताई डोंगरांतल्या या छोट्या जमातीत, सून सासऱ्याचं नाव घेत नाही. जिवंतपणी नाही, मेल्यावर तर नाहीच नाही.

भानगड अशी झाली, की सरकारनं तेलेंगितांची यादी करायला घेतली. यादीत ज्याचं नाव, त्याला बापजाद्यांच्या रानात शिकार करता येणार, चिलगोजे गोळा करता येणार. बाकीचे आपल्याच रानात चोर. म्हातारीच्या नातीच्या, आयसुराच्या सगळ्या कागदांवर नुसतं ‘अल्ताई’, म्हणजे तिथल्या सगळ्या जमातींचं एकत्र नाव, लिहिलेलं; म्हणून तिनं कोर्टात दावा लावला होता. एका जुन्या, विरलेल्या नोंदीत मात्र तिच्या पणजोबांपुढे ‘तेलेंगित’ असं स्वच्छ लिहिलं होतं. पण ती नोंद घरच्या नावानं, आणि बाकीचे कागद बाप्तिस्म्याच्या वेळी रशियन पाद्र्यानं ठेवलेल्या निकोलाय या नावानं. दोन्ही माणसं एकच, हे सांगणारी आता एकटी तोर्को उरली होती.

“आजी, घे की एकदा,” आयसुरा कानाशी पुटपुटली. “ते काय इथं ऐकायला बसलेत?”

“तुझ्या जिभेला काही हाड? मेलेली माणसंच तर सगळं ऐकतात.”

“आजीबाई, नाव माहीत नसेल तर तसं सांगा,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “मला दावा फेटाळावा लागेल.”

“माहीत आहे. कुत्री व्याली की डोळे मिटून दूध चोखत असतं ना, ते.”

“कोडी नकोत. नाव हवंय.”

खोलीत शेगडीची ऊब दाटली होती. तोर्कोला वाटलं, भिंती हळूहळू पातळ होताहेत आणि पलीकडच्या लार्चच्या झाडांतलं धुकं आत येतंय. टेबलावरच्या फायली त्यात बुडाल्या. सासरी आली त्या सकाळी तिनं सातूची लापशी करपवली होती, आणि मामंजींनी ती दोनदा मागून खाल्ली होती. अशा माणसाचं नाव चव्हाट्यावर मांडायचं? मग तिला आयसुराचे हात दिसले, चिलगोज्यांच्या चिकानं काळे झालेले. तिनं डोळे मिटले आणि नाव घेतलं.

“ऐकू आलं नाही. मोठ्यानं सांगा.”

“कुचुक,” म्हातारी म्हणाली. “माझे सासरे कुचुक. म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. आधीची चार भावंडं गेली, म्हणून यमाची नजर चुकवायला आईनं ठेवलेलं नाव.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी जुन्या कागदावर बोट फिरवलं. “जुळतंय,” त्या म्हणाल्या. “मुलीचं नाव यादीत घ्या.” आयसुरानं आजीचा हात घट्ट धरला, पण म्हातारीचं तिकडे लक्षच नव्हतं.

धुक्यातून एक घोडेस्वार आला आणि थेट तिच्यापुढे थांबला. तोर्कोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला आणि मान खाली घातली.

“कुणी हाक मारली मला?” मामंजींनी विचारलं. “हाक मारणारे तर सगळे गेले.”

“मी, मामंजी. चुकले मी.”

“चुकलीस कसली, सूनबाई,” ते म्हणाले. “अजून एकदा म्हण.”