वरचे सहा दाणे

गावच्या विकास सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या साठ होत्या. त्यांतल्या तीन मोडक्या, म्हणून मागच्या भिंतीला लावलेल्या. बाकीच्या सत्तावन्न भरल्या होत्या. प्रेक्षकांत उभं कोणी नव्हतं, आणि लहान मुलांना मत नव्हतं. मी सिनेमा सुरू होण्याआधी एकदा मोजलं आणि मध्यंतरात पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा सत्तावन्नच. सिनेमा संपून सगळ्यांची मतं टाकून झाल्यावर शंभूराजने पडद्यामागचे दोन डबे टेबलावर आणून उपडे केले, तेव्हा मक्याचे दाणे निघाले त्रेसष्ट.

निळा डबा म्हणजे ‘आवडला’. त्यात तेहतीस. पिवळा म्हणजे ‘नाही आवडला’. त्यात तीस.

माणशी एक दाणा, अशी पद्धत मीच ठरवली होती. बारामतीच्या आमच्या विज्ञान मंडळातर्फे शंभूराज आणि मी गावोगाव विज्ञानाशी संबंध असलेले सिनेमे दाखवतो. लोकांना तोंडावर विचारलं की सगळे ‘लय भारी’ म्हणतात आणि चहा घेऊन जातात. त्या ‘लय भारी’वर माझा विश्वास उरला नव्हता. म्हणून आडोशाचा पडदा, त्यामागे डबे आणि दाणे.

वरकुटे या गावात दाखवला तो ऐंशीच्या दशकातला एक हिंदी विनोदी सिनेमा होता. विज्ञान कॉलेजच्या होस्टेलमधली चार हुशार पोरं आणि एक मुलगी. ती प्राचार्यांचा पंखा उलटा फिरवतात, कॉलेजची घंटा तासभर आधी वाजवणारं यंत्र बनवतात आणि शेवटी स्नेहसंमेलनात एवढं धुकं सोडतात की प्रमुख पाहुणे भाषण संपवून भिंतीला नमस्कार करतात. हॉल हसत होता. पण हसणं आणि आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मला आधीच्या गावांनी शिकवलं होतं.

सहा दाणे जास्त का, हा प्रश्न एरवी मी घरी कऱ्हाटीला जाऊन शांतपणे सोडवला असता. त्या दिवशी तशी सोय नव्हती. सिनेमा सुरू होण्याआधी पहिल्या रांगेतले दत्तोबा आबा उठून सगळ्यांसमोर बोलले होते. त्यांची नात राजनंदिनी बारावीला तालुक्यात पहिल्या पाचांत आली होती आणि पुण्याच्या एका विज्ञान संस्थेत तिची निवड झाली होती. पाच वर्षं, होस्टेलवर राहून.

“होस्टेल कसं असतंय ते आमी बघितलं न्हाय,” आबा म्हणाले होते. “आज सगळ्यांनी मिळून बघू. गावाला पटलं तर पोरगी जाईल. न्हाय पटलं तर हितं इंदापुरात कॉलेज हाय की.”

मी गडबडून सांगितलं, “आबा, हा विनोदी सिनेमा आहे. खरं होस्टेल असं नसतं.”

“बाई, इनोदात माणूस खरं दाखवून जातंय,” असं म्हणून ते खाली बसले.

आणि दारात उभं राहून प्रत्येकाच्या हातावर दाणा ठेवत होती ती राजनंदिनी. तिने स्वतःसाठी दाणा घेतला नव्हता. “माझ्या घरचा विषय हाय, ताई,” म्हणाली होती. तेव्हा मला ते फार आवडलं होतं.

आता शंभूराज माझ्या कानाशी म्हणाला, “दारात कोण होतं? सहा वजा कर तेहतिसातून.”

मी केले. सत्तावीस. पिवळ्यात तीस. त्या सहा दाण्यांनी निकाल फिरत होता.

लोक अजून हलले नव्हते. चहाचे कप फिरत होते आणि मतं मोकळी सुटली होती.

“पोरं हुशार हायत, पर सबंध पिच्चरमधी एकानं घरी फोन केला न्हाय.”

“तवा फोन हुते व्हय रं घरोघर?”

“मग पत्र तरी.”

“मला एक कळंना,” मागून कोणीतरी म्हणालं, “हे फुकट दाखवत्यात कशापायी? पुढच्या बारीला क्लासची जाहिरात घिऊन येत्यात का न्हाय बघ.”

“क्लास न्हाय, ठिबकचं पाईप,” दुसरा म्हणाला. “आदी हसवायचं, मग पाईप.”

म्हणजे संशय एकट्या माझ्याकडेच नव्हता. आबा मात्र या कशात नव्हते. ते टेबलापाशी आले आणि दाण्यांच्या दोन ढिगांकडे बघत म्हणाले, “आकडा सांगा बाई.”

“मोजणीत थोडा फरक येतोय, आबा. पाच मिनिटं द्या.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. राजनंदिनी तिथं रिकाम्या कपांची चळत करत होती. आबा तिथून हलले नाहीत.

मी तिला बाहेर पायरीवर नेलं. उरलेल्या दाण्यांचा डबा तिच्याच हातात होता. शंभर दाणे मी स्वतः मोजून दिले होते, उरले होते सदतीस. म्हणजे वरचे सहा बाहेरून आलेले नव्हते. याच डब्यातून गेले होते.

“प्रत्येकाला एकेकच दिलास?”

“ज्यानं मागितला त्याला दुसरा बी दिला.” तिने मान खाली घातली नाही. “सहा जणांनी मागितला.”

“कोणी?”

“नावं न्हाय सांगणार.”

“राजनंदिनी, तुझ्यावर येतंय हे. आत सगळे तेच म्हणतील.”

“म्हणू द्या.”

“सहाच्या सहा निळ्यात गेले असले तर निकाल उलटा होतो, कळतंय ना?”

“कळतंय की. मला वजाबाकी येती, ताई.” मग हळू आवाजात म्हणाली, “नावं सांगितली तर एका माणसाला वाईट वाटंल. मी गेली न्हाय तरी चालंल.”

गुन्हा झाकणारं माणूस असंच बोलतं, असं तेव्हा मला वाटलं. पण वाटणं हा पुरावा नव्हे. मी आत गेले, दोन्ही डब्यांचे आकडे आणि वरचे सहा दाणे सगळ्यांना सांगितले आणि सरळ विचारलं, “दोन दाणे कोणी घेतले होते?”

कोणी हात वर करेना. शंभूराजने माझ्याकडे ‘आता झालं समाधान?’ अशा नजरेने बघितलं.

मग तिसऱ्या रांगेतल्या संजीवनीवहिनी उठल्या. त्या बचतगटाच्या अध्यक्ष. हॉलच्या किल्ल्या त्यांनीच आणल्या होत्या.

“मी घितला,” त्या म्हणाल्या. “त्यात काय चोरी हाय का? माझी धाकटी जाऊ धारंला थांबली. तिच्या नावाचा घितला.”

“तिच्या नावाचा म्हणजे?”

“हळदी-कुंकवाला न आलेलीचं वाण आपण घरी न्हेतो का न्हाय? तसा. आमची घरची सवय हाय बाई. न आलेल्याला सोडून देत न्हाय आमी.”

“पण त्यांनी सिनेमा बघितलाच नाही, वहिनी. मत कसं दिलंत?”

“बारा वर्सं एका चुलीवर स्वैपाक करतोय. मला ठावं न्हाय व्हय तिला काय आवडतंय?” त्या ठामपणे म्हणाल्या. “तिला कायबी दाखवा, ती ‘हॅ’ म्हणती. म्हणून तिचा पिवळ्यात टाकला. माझा निळ्यात.”

हॉल हसला. आणि माझी वजाबाकी तिथंच मोडली. सहाच्या सहा निळ्यात गेलेले नव्हते.

मग एकेक करून बायका बोलू लागल्या. एकीने नणंदेचा घेतला होता, दुसरीने सासूचा. अशा मिळून पाच झाल्या. सगळ्यांचं कारण एकच होतं. मी सिनेमा संध्याकाळी पाचला लावला होता. पाचला इथं गोठ्यात धारा असतात आणि त्यापाठोपाठ डेअरीला दूध घालायचं असतं. घरटी एक बाई तरी मागे राहणारच. बारामती तालुक्यात वाढलेल्या मला हे आठवायला हवं होतं. पण वेळ ठरवताना मी फक्त प्रोजेक्टरसाठी ऊन कधी उतरतं ते बघितलं होतं.

“पाच झाले,” शंभूराज म्हणाला. “सहावा?”

राजनंदिनी दारात उभी होती. तिने पटकन कपांची चळत उचलली आणि वळली. ती वळली तेव्हा टेबलाजवळचं माणूस खाकरलं.

“सहावा माझा,” दत्तोबा आबा म्हणाले.

त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. “मनिषाचा. माझ्या सुनंचा. ती बी धारंला हाय. सोसायटीच्या सभंत भाऊ नसला की त्याच्या वतीनं मी बोलतो, तसाच घितला. पोरीची आई हाय ती. तिला इचारल्याबिगर मोजायचं कसं?”

“आणि कुठल्या डब्यात टाकलात?” हे विचारायचं नव्हतं, तरी मी विचारलं.

“तिचा निळ्यात.”

“आणि तुमचा?”

“पडदा कशाला लावलाय मग तुमी?” आबा म्हणाले.

मागून कोणीतरी म्हणालं, “आबा, आकडा तर निळाच मोठा हाय. झालं की. धाडा पोरीला.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. “बाई, तुमी सांगा. धरायचा का ह्यो आकडा?”

हो म्हणायला एक क्षण लागला असता. दारात कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

“नाही आबा,” मी म्हणाले. “ज्यांनी बघितला नाही त्यांचं मत धरता येत नाही. आणि कुठला दाणा त्यांचा, ते आता ढिगातून निवडताही येत नाही.”

“मग त्यास्नी दाखवा,” आबा म्हणाले. “त्यास्नी बी, आमाला बी. आणि दुपारी लावा. धारंच्या आदी.”

“आणि निकाल?”

“जे निघंल ते. मी शब्द फिरवत न्हाय.”

राजनंदिनी पायरीवर बसली होती. मी शेजारी बसले. विचारलं, “तुझी आई हसेल का गं त्या धुक्याच्या प्रसंगाला?”

“आई पिच्चरमधी झोपती,” ती म्हणाली. “आबास्नी ठावं न्हाय ते.”

पुढच्या रविवारी दुपारी एकला तोच सिनेमा पुन्हा लावला. मोडक्या तीन खुर्च्या दुरुस्त करून आणल्या, तीन शाळेतून मागवल्या. आदल्या रविवारची सगळी माणसं आली आणि त्या सहाजणी आल्या. दारात या वेळी दाणे मी दिले. दुसरा कोणी मागितला नाही. मनिषावहिनी सासऱ्यांपासून चार खुर्च्या सोडून बसल्या. त्या झोपल्या की नाही, ते खिडक्यांना लावलेल्या काळ्या कापडांच्या अंधारात मला दिसलं नाही. डबे दत्तोबा आबांनी स्वतः टेबलावर उपडे केले, आणि आधी त्यांनी मोजलं, मग मी.

खुर्च्या भरलेल्या त्रेसष्ट. दाणे त्रेसष्ट. निळ्यात एक्केचाळीस, पिवळ्यात बावीस.