पत्र्यामागची भिंत

हाकालांच्या घराण्यात आजवर तीन सौने जळले होते, आणि तिन्हींची गोष्ट हसत हसत सांगितली जायची. पहिला पणजोबांच्या काळात. दुसरा रुडीच्या धाकट्या भावाने शेगडीवर टॉवेल वाळत घातला तेव्हा. आणि तिसरा गेल्या सप्टेंबरात, कुणाचंच काही चुकलेलं नसताना. मिशिगनच्या या वरच्या टोकाला फिन लोकांच्या घरी एखाद्या वेळी न्हाणीघर नसलं तरी चालेल, पण अंगणाच्या पार टोकाला सौन्याची लाकडी खोली हवीच. आत शेगडी पेटवायची, तापल्या दगडांवर पाणी मारायचं आणि घामाघूम होऊन बाहेर बर्फात लोळायचं.

"इतका लांब का बांधता?" मॅलरीने लग्न होऊन आल्या आल्या विचारलं होतं.

"जळला तर घर वाचावं म्हणून," रुडी म्हणाला होता. रुडी म्हणजे सासरा. नात आइली जन्मल्यापासून सगळे त्याला पापाच म्हणत.

त्या वेळी मॅलरीही हसली होती.

ऑक्टोबरात तळघरातली, घर तापवायची तेलाची भट्टी बंद पडली ती कायमचीच. तिचा मोडलेला भाग आता कुठे बनतच नव्हता. मग मॅलरीच्या नवऱ्याने, ब्रेटने, कुणाच्या तरी ओस पडलेल्या शिकारखोपीतून एक ओतीव लोखंडी शेगडी आणली. चौघांनी मिळून ती दारातून आत घेतली आणि दोघांच्या कमरा धरल्या. मॅलरीने त्याच दिवशी लॉनी पेल्टोला फोन लावला. शेगडी बसवायचं रीतसर शिक्षण घेऊन सर्टिफिकेट मिळवलेला सगळ्या जिल्ह्यात तो एकटाच. लॉनी म्हणाला, जानेवारीच्या आधी मान वर करायला फुरसत नाही.

"जानेवारी!" ब्रेट म्हणाला. "तोवर आपण मासळीसारखे थिजून पडलेलो असू. आणि लॉनी? अगं, माझ्या वर्गात होता तो. त्याला सायकलची साखळी बसवता यायची नाही. चार दिवस कुठे खुर्चीवर बसून आला, आता साहेब झाला."

"पण मी शेगडीची माहिती वाचली, ब्रेट. शेगडीमागचा पत्रा भिंतीला टेकवायचा नसतो. मागे जागा सोडायची, हवा खेळायला. नाहीतर पत्रा तापतो आणि मागचं लाकूडही—"

"कुठे वाचलंस?" पापांनी विचारलं.

"फोनवर."

"मग फोनवरच पेटव, पोरी. धूरही होणार नाही."

बापलेक खूप हसले. एका शनिवारी त्यांनी काम उरकलं. जळलेल्या सौन्यातून पत्रा तेवढा शाबूत निघाला होता. पापांनी तो ठोकून सरळ केला आणि चकचकीत पुसून शेगडीमागच्या फळ्यांवर सपाट खिळवला. सौन्यात त्यांच्या बापाने तसाच खिळवला होता. धुराडं छतातून वर काढलं, भोकाभोवती पत्र्याची कॉलर बसवली, आणि संध्याकाळी शेगडी पेटली तेव्हा घर असं उबदार झालं की मॅलरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ महिन्यांच्या आइलीने आयुष्यात पहिल्यांदा मोजे काढून फेकले. वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत पापा म्हणाले, "लॉनीला कळव, आलास तर पाव खायला ये."

त्या भिंतीच्या पलीकडे आइलीची खोली होती.

मॅलरीला तेव्हापासून एक खोड लागली. जाता येता ती आइलीच्या खोलीतल्या भिंतीला तळवा लावून बघायची. तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं. नोव्हेंबरात भिंत कोमट लागायची. डिसेंबरात, शेगडी दिवसभर धडधडायला लागल्यावर, तळवा फार वेळ ठेववत नसे. भिंतीवरच्या कागदातली निळी पाखरं एका जागी पिवळी पडली होती.

"भिंत तापते, ब्रेट."

"मग? शेगडीने गार व्हायचं का?"

"हात भाजतो."

"बरं आहे की. पोरीच्या खोलीलाही ऊब."

तिने पाळणा समोरच्या भिंतीकडे ओढला. पुढे तो खोलीतूनच बाहेर काढला. झोपेत ती वास घेत राहायची. मग उठून बसायची आणि ब्रेट कूस बदलत म्हणायचा, "काही नाही जळत, मॅल. झोप." तोही दिवसभर जिल्ह्याचा बर्फ लोटायचा ट्रक चालवून दमलेला असे. भांडायला दोघांतही जोर नसे.

जानेवारीत लॉनी आला. ब्रेटने दारातच त्याच्या पाठीत थाप मारली. "ये, साहेब! बूट काढ, सर्टिफिकेट काढलंस तरी चालेल."

"तुझ्या विनोदांचं पोतं अजून शाळेतलंच आहे," लॉनी म्हणाला, पण त्याची नजर तोवर पत्र्यावर गेली होती. त्याने शेगडी विझवायला लावली, ती निवेपर्यंत कॉफी प्यायला, आणि मग पहारीने पत्र्याचा एक कोपरा उचकटला.

मागची फळी कॉफीच्या रंगाची झाली होती. खालच्या बाजूला तर काळीच. लॉनीने नखाने खरवडलं तशी तिची भुकटी त्याच्या बोटावर आली. मग तो माळ्यावर चढला आणि बराच वेळ वरच राहिला. उतरला तेव्हा ब्रेटकडे न बघता मॅलरीशी बोलायला लागला.

"हे लाकूड आता लाकूड राहिलेलं नाही. कोळशाच्या वाटेवर आहे. नव्या फळीला पेटायला जेवढी धग लागते तेवढी याला लागणार नाही. वर धुराड्याशेजारचा वासाही तसाच झालाय."

"कधी पेटेल?"

"आज रात्री. पुढच्या वर्षी. कदाचित कधीच नाही. मला सांगता येणार नाही."

"मग दुरुस्त करा ना," ती म्हणाली. "फळ्या काढा. तुम्ही आलाय तर आता—"

"भिंतीचं करता येईल. वाशाला छत उघडावं लागतं. छतावर कंबरभर बर्फ आहे आणि खाली पाळण्यात बाळ. मे महिन्यात येतो. तोवर पेटवू नका."

"लॉनी, अरे, मे?" ब्रेटचा आवाज चढला. "निदान तात्पुरतं काहीतरी कर. तूच तर शिकून आलायस."

"मी हात लावला की ते माझं काम होतं, ब्रेट. अर्धवट करून गेलो आणि उद्या काही झालं, तर मी काय तोंड दाखवू?"

"ऑक्टोबरात हे केवढं काम होतं?" मॅलरीने विचारलं.

लॉनीने बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या. "एका दुपारचं."

"मी फोन केला होता तुम्हाला. ऑक्टोबरात."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. नाडी सुटली, ती त्याने पुन्हा बांधली. पुढ्यातला वेलदोड्याचा पाव तसाच राहिला.

त्यानंतर ते चौघं एकाच खोलीत राहायला लागले. विजेचे दोन हीटर लावले की दिवे मिणमिणायचे, तिसरा लावला की सगळंच बंद. पापा खिडकीपाशी कोट घालून बसायचे. बाहेर अंगणाच्या टोकाला जळलेल्या सौन्याची काळी चौकट बर्फाखाली गेली होती, पण ते बघायचे तिकडेच. आता ते विनोद करत नसत. शेजारचं घर हिवाळाभर बंदच असतं. ठरलं असं, की शनिवारी ब्रेट मायलेकींना ग्रीन बेला, मॅलरीच्या आईकडे सोडून येईल. मेपर्यंत त्या तिकडेच राहतील. मॅलरीने बॅगा भरून दाराशी ठेवल्या.

गुरुवारी सरोवरावरून वादळ आलं. आधी समोरचं झाड दिसेनासं झालं, मग कुंपण. दुपारी, आइलीला भरवत असताना, हीटरची लाल तार काळी पडली. वीज गेली होती. फ्रिजची घरघर थांबल्यावर घर एवढं शांत झालं की वारा खोलीतच असल्यासारखा वाटला.

तासाभराने आइलीच्या तोंडातून वाफ दिसायला लागली. मॅलरीने तिला बर्फातला जाड पोशाख चढवला, त्यावर ब्लँकेट, आणि कोटाच्या आत छातीशी धरलं. पोर रडत होती. मग रडायची थांबली, आणि ते जास्त वाईट होतं. तिच्या बोटांची टोकं मॅलरीने तोंडात धरली. बर्फाच्या खड्यासारखी गार होती.

ब्रेटचा फोन लागला एकदाचा. मागे ट्रकचा आवाज होता.

"रस्ता बंद केलाय, मॅल. मीच अडकलोय. पुढचं दिसत नाही. तारा पडल्यात म्हणे, उद्यापर्यंत तरी वीज नाही."

"आइली गारठलीय, ब्रेट. काय करू?"

"तू ठरव," तो म्हणाला.

"मी ऑक्टोबरात ठरवलं होतं," ती म्हणाली. पण फोन कधीच तुटला होता.

तिने मागे वळून बघितलं तर पापा शेगडीपुढे गुडघ्यांवर बसले होते. ढलप्या रचून झाल्या होत्या. काडी ओढली, मोडली. दुसरी ओढली, तीही मोडली.

"मी पेटवतो, पोरी," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "तू नको हात लावूस. काही झालं तर म्हण, म्हाताऱ्याने केलं."

"म्हणायला कोण उरणार आहे, पापा?"

तिने त्यांच्या हातातून काडेपेटी घेतली. आधी मात्र सगळी तयारी केली. ब्रेटची बर्फावरून ओढायची लाकडी घसरगाडी आणून दाराशी लावली, तिच्यात ब्लँकेट पसरून आइलीला ठेवलं आणि पट्ट्याने बांधलं. दाराची कडी काढून ठेवली. फावडं हाताशी ठेवलं. दार किलकिलं करून बघितलं. घरची गाडी ब्रेट सकाळी कामावर घेऊन गेला होता, आणि बाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. त्या पांढऱ्यात पोरीला घेऊन जायला जागा नव्हती. सौना असता तर असती. घरापासून लांब बांधलेली एक उबदार खोली.

तिने काडी ओढली. पहिल्याच फटक्यात पेटली.

शेगडी छान ओढत होती. ब्रेटचं काम दिसायला तरी वाईट नव्हतं. ढलप्या तडतडल्या, मग जाड ओंडक्याने धरलं, आणि पत्र्यावर नारिंगी उजेड हलायला लागला. लॉनीने उचकटलेला कोपरा पापांनी ठोकून पुन्हा सपाट केला होता. कधी, ते तिला कळलंही नव्हतं. घसरगाडीतून आइलीने उजेडाकडे बघितलं आणि हसली. तिच्या गालांवर हळूहळू रंग आला.

"बघ," पापा म्हणाले.

"तिच्यावर लक्ष ठेवा. मी हाक मारली की गाडी ओढत बाहेर पडायचं. माझ्यासाठी थांबायचं नाही."

"पोरी—"

"थांबायचं नाही, पापा."

ती आइलीच्या रिकाम्या खोलीत गेली. जमिनीवर बसली, हातमोजा काढला आणि पिवळ्या पडलेल्या पाखरांवर तळवा ठेवला.

भिंत अजून गार होती.