बादलीतले भाडेकरू

पातेल्यातून वास आला आणि मावशीनं झाकण उचललं. अर्धं आयुष्य शंख-शिंपले उकळण्यात गेलेली बाई ती. कुठल्या पातेल्याला कसला वास यायला हवा हे तिला डोळे मिटून कळायचं. किनाऱ्यावरून वेचून आणलेल्या रिकाम्या शंखांना शेवाळाचा, कुजक्या दोरखंडाचा वास येतो. आज येत होता तो कुणाच्या तरी घरी जेवण शिजत असल्यासारखा.

तिनं गॅस बंद केला आणि झाऱ्यानं वरचे दोन-चार शंख काढले. एकाच्या तोंडातून लालभडक झालेला बारीकसा पाय लोंबत होता. दुसऱ्याचंही तेच. मावशी मागच्या अंगणात आली. मग तिनं नळाकडे पाहिलं. आदल्या रात्री भिजत घातलेल्या बादल्या तिथं ओळीनं असत, प्रत्येकीवर ओलं पोतं. सकाळी उठल्या उठल्या, डोळ्यांवरची झोप न पुसता, तिनं एकेक बादली निथळून पातेल्यात पालथी केली होती. त्यातली शेवटची, निळी, तिची नव्हतीच. ती भाचीची होती, तिनं पकडून आणलेल्या शंखांतल्या जिवंत खेकड्यांची. आणि "अगं, पायात येतेय ती बादली, नळापाशी ठेव आणि वर पोतं टाक" असं काल संध्याकाळी तिला बजावणारी मावशीच होती. करायला गेली काय आणि वरती झाले पाय!

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. घरात सगळे तिला इन्स्पेक्टर म्हणत, कारण जनावर दिसलं की बाईंची चौकशी सुरू. या कुत्र्याला पाणी कोण देतं? मांजरीला पिल्लं होती, ती गेली कुठं? शेजाऱ्यांनी पिंजऱ्यातला पोपट हिच्या धाकानं आतल्या खोलीत हलवला होता. यंदा सुट्टीत ती पहिल्यांदाच एकटी मावशीकडे आली, तीही हो-ना करत. मावशीचं बंदरावर शंखांच्या वस्तूंचं दुकान. शिंपल्यांच्या चौकटीचे आरसे, शंखांचे पडदे, असलं सगळं. इन्स्पेक्टर पहिल्या दिवशी दुकानाच्या उंबऱ्यावरच अडून बसली.

"यात राहणारे कुठं गेले?"

"मेले आपल्या मरणानं. किनाऱ्यावर पडलेले रिकामे शंख तेवढे मी घेते. माझ्याकडे जिवंत काही येत नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

पोरीनं तिच्या डोळ्यांत रोखून पाहिलं आणि मग चप्पल काढून आत आली. घरी कुणी ओरडलं तर धावत जवळ यावं, असं हक्काचं पोर मावशीला नव्हतं. त्या दिवसापासून ते होतं. म्हणून तर आज तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तिनं ते सगळं पातेलं कचऱ्याच्या पिशवीत ओतलं, पिशवीला गाठ मारली, वर दुसरी पिशवी चढवली. निळ्या बादलीत खारं पाणी भरून वर पोतं घट्ट अंथरलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "उठले का माझे खेकडे?"

"झोपलेत. पोतं काढू नकोस, ऊन लागेल," मावशी म्हणाली. बोलताना तिला स्वतःचा आवाज बाजारात भाव करताना लागतो तसा लागला. "चल, आज दुकान बंद. तुला अख्खं बंदर दाखवते."

इन्स्पेक्टरनं आनंदानं उडीच मारली. गेले कितीतरी दिवस ती हेच मागत होती आणि मावशीला फुरसत नव्हती. आज फुरसतच फुरसत.

बंदर काही लहान नव्हतं. गोदामांच्या मागून रेल्वेचे गंजके रूळ जात, त्यांच्यामध्ये गवत वाढलेलं. पोरीला तिथं सरड्याची कात सापडली. क्रेनच्या लोखंडी पायांना पांढरे ओघळ होते, ते कुणाचे ते तिनं मान मोडेस्तोवर वर पाहून शोधलं. धक्क्याच्या पायऱ्यांशी जेलीफिश तरंगत होते. पलीकडे नांगरलेल्या सपाट मालवाहू बार्जवर पाणकावळे पंख पसरून वाळत उभे होते, दोरीवर टाकलेल्या कोटांसारखे. एरवी मावशी हसली असती. आज ती जिथं बघेल तिथं पिशवीला मारलेली गाठ दिसत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. पहारेकऱ्यानं सहज "आज दुकान बंद?" विचारलं, तर ही दचकली.

"मावशी, तुला माहितीये का, हे शंखातले खेकडे रांग लावतात," पोर हात धरून सांगत होती. "शंख त्यांचा स्वतःचा नसतो ना. वाढले की तो लहान होतो. मग एखादा मोठा रिकामा शंख मिळाला की सगळे जमतात, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत उभे राहतात. पहिला मोठ्या शंखात शिरतो, दुसरा पहिल्याच्या, तिसरा दुसऱ्याच्या."

"म्हणजे भाडेकरूच की," मावशीच्या तोंडून निघून गेलं. "आणि घरमालक?"

"घरमालक नसतोच!" पोर खिदळली. "जाड्याला ना, त्याचं घर फार घट्ट झालंय. त्याचा अर्धा पाय बाहेरच राहतो. त्याच्यासाठी शंख शोधू या?"

जाड्या कोणता ते मावशीला आता कळलं. झाऱ्यात सगळ्यात आधी आलेला तोच.

जाळी विणणाऱ्या म्हातारीकडे शंख मिळाला. जाळ्यात अडकून आलेले शंख ती पायाशी ढकलून ठेवायची. इन्स्पेक्टरनं एकेक उचलून आत फुंकर घातली, कानाला लावला, बोटानं आतली वाळू काढली. शेवटी एक तपकिरी, गुळगुळीत तोंडाचा शंख तिच्या पसंतीला उतरला. "हा त्याला म्हातारा होईपर्यंत पुरेल," ती म्हणाली आणि तो फ्रॉकच्या खिशात घालून वरून हात दाबून धरला.

मावशीला ते बघवेना. "हिला बसू द्या जरा तुमच्याजवळ, आलेच," असं म्हातारीला सांगून ती सुटली ती थेट लाटा अडवणाऱ्या बांधामागच्या खडकांवर. साडी गुडघ्यापर्यंत खोचून, तिथंच पडलेला एक पत्र्याचा डबा हातात घेऊन, ती पन्नाशीची बाई डबक्यांत हात घालू लागली. गुडघा सोलवटला, एक चप्पल पाण्यात गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, मुलीला कळलं नाही म्हणजे झालं, असं ती स्वतःला बजावत होती आणि हाताला लागेल तो चालणारा शंख डब्यात टाकत होती. लाज वाटत होती. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

घरी आल्यावर "तू हातपाय धू" म्हणून तिनं पोरीला न्हाणीघरात पिटाळलं आणि पदराआड लपवलेला डबा निळ्या बादलीत रिकामा केला.

इन्स्पेक्टर ओल्या पायांनीच आली. पोतं उचललं. बादलीवर वाकून बराच वेळ बघत राहिली.

"जाड्या कुठंय?"

"असेल की त्यात."

"नाही. त्याच्या शंखावर पांढरा पट्टा होता. छोटीचा पण नाही दिसत, टोकदार होता तो."

मावशीनं उचलली जीभ लावली टाळ्याला. "अगं, तूच म्हणालीस ना, घरं बदलतात म्हणून! आपण बाहेर गेलो तेवढ्यात बदलली असतील."

पोरीचा चेहरा असा काही उजळला की मावशीला वाटलं, सुटले. "खरंच? आपल्या बादलीत? सगळ्यांनी?" ती टाळ्या पिटत उठली. "आईला फोन लाव! नाही थांब, आधी मला बघू दे कोण कोणात गेलंय!" ती पुन्हा वाकली. एकेक खेकडा उचलून तळहातावर ठेवला, पालथा केला, खाली सोडला. बादलीच्या तळाशी बोटं फिरवली. मग तिचा हात पाण्यातच थांबला.

"मावशी, मग जुने शंख कुठंयत?"

"कसले?"

"बदलली तर जुनी घरं रिकामी उरतील ना. पट्टेवाला शंख रिकामा सापडायला हवा. आणि नवे शंख आले कुठून? मी काल एकही रिकामा टाकला नव्हता."

मावशीनं तोंड उघडलं. काहीतरी सारवासारव नक्की सुचली असती. दुकानदारीत जन्म गेला होता. पण पोर अजूनही तिच्यावर विश्वास ठेवायलाच बघत होती. काहीतरी पटण्यासारखं सांग, मी मानते, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. ते बघून मावशीला खोटं बोलवेना.

"ते मेले," ती म्हणाली. "माझ्या हातून. सकाळी मी न बघता तुझी बादली माझ्या पातेल्यात ओतली. हे दुसरे आहेत. मी मघाशी खडकांवरून आणले."

पोर रडली नाही. रडली असती तर मावशीला जवळ घेता आलं असतं. ती उभी राहिली आणि फ्रॉकला हात पुसत राहिली.

"पाणी आधीच उकळत होतं का?"

इन्स्पेक्टरचा हा प्रश्न मावशीनं दिवसभरात स्वतःलाही विचारला नव्हता. मुद्दाम टाळला होता. उकळत्या पाण्यात टाकलं की शंख तडकतात. म्हणून ते गार पाण्यात घालून मंद आचेवर चढवायचे असतात. सकाळी पातेल्यातून टकटक आवाज येत होता, बराच वेळ. शंख एकमेकांवर आपटताहेत असं समजून तिनं झाकण ठेवलं होतं आणि ती चहा प्यायला बसली होती.

"गार होतं," ती म्हणाली.

पोरीनं मान हलवली. मग निळी बादली दोन्ही हातांनी उचलली. "यांना परत सोडायचं. जागा दाखव."

बादली जड होती. पाणी तिच्या पायांवर हिंदकळत होतं. मावशीनं कडीला हात घालू पाहिला, तशी तिनं बादली दुसऱ्या बाजूला घेतली. गोदामांवरून, रुळांवरून, बार्जच्या समोरून दोघी चालत राहिल्या. पाणकावळे अजून तिथंच होते. पोरीनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

खडकांवर आल्यावर तिनं विचारलं, "कुठला कुठून उचललास?"

मावशीला आठवेना. घाईत दिसेल तिथून ओरबाडले होते. ती या डबक्याकडे बघे, त्या डबक्याकडे बघे. शेवटी पोरीनंच सगळ्यांत मोठं डबकं निवडून एकेकाला अलगद सोडलं. खिशातला तपकिरी शंखही काढून त्यांच्यात ठेवला. दोघी बघत उभ्या राहिल्या. कुणी त्याच्याजवळ गेलं नाही.

"उकळतं होतं म्हणाली असतीस," पोर पाण्याकडे बघत म्हणाली, "तर मला बरं वाटलं असतं."

मावशी तिच्याकडे वळली. "मग तसं म्हणू का, बाळा?"

"आता काय उपयोग," ती म्हणाली आणि रिकामी बादली घेऊन पुढे चालू लागली.