उलटवलेला शॉट

एडिटिंगच्या खोलीत मृण्मयीला पहिल्याच आठवड्यात एक नियम कळला, आणि तो तिच्या अकरावी सायन्सच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. पडद्यावर एखादी बस डावीकडे निघून गेली, तर पुढच्या शॉटमध्ये तिच्याकडे बघणाऱ्या माणसानेही डावीकडेच बघायला हवं.

"आणि उजवीकडे बघितलं तर?"

"तर संपलं," संघर्षदादा म्हणाला. "लोकांना वाटतं, हा भलतीकडेच बघतोय. का वाटतं ते सांगता येत नाही, पण खटकतं."

"पण मेंदूला ते कळतं कसं?"

"ते तू शोध. शास्त्रज्ञ तू. मी नुसता कापणारा."

संघर्ष मूळचा मालेगावचा. गंगापूर रोडला टाइल्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्याचा स्टुडिओ होता. एरवी तो लग्नाचे व्हिडिओ आणि कॉलेजांच्या जाहिराती कापायचा. या वर्षी पहिल्यांदाच त्याच्या हातात पूर्ण लांबीचा सिनेमा आला होता. दिग्दर्शिका मालिनीताईंनी हिवाळ्यात पंचवटीत शूटिंग केलं, तेव्हा मृण्मयीच्या घरासमोरची गल्ली चार दिवस बंद होती. त्या चार दिवसांत तिने कॅमेरामनला इतके प्रश्न विचारले, की शेवटी तो मालिनीताईंना म्हणाला, "हिला एकतर कामाला लावा, नाहीतर शाळेत पाठवा." परीक्षा संपल्यावर मालिनीताईंनी खरोखरच फोन केला. म्हणून मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी मृण्मयी कूलरच्या घरघरीत बसून शॉटना नावं द्यायचं काम शिकत होती.

सिनेमा एका निवृत्त मास्तरांचा होता. त्यांचा मुलगा भांडून एस.टी.त बसून जातो आणि परत येत नाही. वर्षं जातात. नातेवाईक म्हणतात, आता त्याचं काय ते करून टाका, त्याला गती मिळेल, तुम्हीही मोकळे व्हाल. मास्तर ऐकून घेतात आणि काहीच करत नाहीत. शेवटच्या दृश्यात ते नदीवर सकाळची संध्या करतात, ओंजळीतून सूर्याला पाणी देतात आणि मान वर करून रस्त्याकडे बघतात. त्यांना ती जुनी बस आठवते. एवढंच.

हे दृश्य संघर्षने तिच्याकडे सोपवलं. "तू लाव. ताईंना आवडलं तर तसंच सिनेमात जाईल. नाही आवडलं तर मी करीन."

त्या रात्री मृण्मयीला नीट झोप लागली नाही. आपण लावलेलं दृश्य, आपण ठरवलेल्या जागी कापलेलं, थिएटरात. तिला ते हवंच होतं.

पण दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की बस डावीकडे जाते आणि मास्तर उजवीकडे बघतात. शूटिंगच्या दिवशी यात्रेकरूंची गर्दी होती म्हणून कॅमेरा पलीकडच्या पायऱ्यांवर लावावा लागला होता, त्याचा हा परिणाम. दोन शॉट शेजारी ठेवले, की मास्तरांनी मुलाकडे पाठ फिरवल्यासारखं वाटत होतं. आणि शॉट तर फार सुंदर होता. पाणी सोडल्यावर मास्तरांचा खालचा ओठ किंचित थरथरतो, डोळे भरतात, पण ओघळत नाहीत.

"उलटव ना," संघर्ष खुर्चीत मागे रेलत म्हणाला. "आरशात दिसतो तसा. एक बटण आहे."

"असं चालतं?"

"लय वेळा चालतं. फक्त बघून घे. पाटी नको, अक्षरं उलटी दिसतात. घड्याळ नको, शर्टाची बटणं नकोत, बाईचा पदर नको."

मृण्मयीने एकेक बघितलं. पाटी नव्हती. घड्याळ नव्हतं. मास्तर उघडे होते, त्यामुळे बटणांचा प्रश्नच नव्हता. मागे नुसतं पाणी आणि धुकं. तिने बटण दाबलं. मास्तरांनी डावीकडे बघितलं, आणि दृश्य असं काही जुळून आलं, की संघर्षने खुर्ची पुढे ओढली.

"हे झालं," तो म्हणाला. "उद्या ताईंना दाखवू."

संध्याकाळी तिचे वडील, बाळाजीगुरुजी, तिला न्यायला आले. पंचवटीत त्यांच्या घराण्याचं पौरोहित्य. रोज ते खाली स्कूटरवर बसूनच हॉर्न वाजवायचे. सिनेमाच्या धंद्यात वर काय चालतं ते बघायची आपल्याला गरज नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्या दिवशी मृण्मयीच त्यांना हाताला धरून वर घेऊन आली.

"या, या गुरुजी," संघर्ष उठला. "बसा. लेकीनं सीन कापलाय."

"कापलाय म्हणजे खराब केला का?"

"बाबा, बघा ना आधी."

गुरुजी चष्मा पुसून बसले. बस गेली. धूळ उडाली. मास्तर पाण्यात उभे राहिले. गुरुजी एकदम पुढे वाकले. दृश्य संपलं. मृण्मयी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"मृणू, गेलं कोण?" गुरुजींनी विचारलं.

"कोणी नाही बाबा. मुलगा बेपत्ता आहे. सांगितलं होतं ना तुम्हाला."

"मग हे अपसव्य का आहेत?"

"काय आहेत?" संघर्षने विचारलं.

"अहो, जानवं बघा ना. उजव्या खांद्यावर! पितरांना पाणी देताना घेतात तसं. एरवी ते डाव्या खांद्यावर असतं. शूटिंगच्या दिवशी त्या नटाला मी स्वतः घातलं होतं, डाव्या खांद्यावर. कोणी बदललं?"

मृण्मयीने पडद्याकडे बघितलं. पांढऱ्या दोऱ्याची एक तिरपी रेघ मास्तरांच्या उजव्या खांद्यावरून खाली उतरत होती. ती रेघ ती जन्मल्यापासून रोज बघत आली होती. वडिलांच्या अंगावर, काकांच्या अंगावर, घाटावरच्या निम्म्या माणसांच्या अंगावर. पाटी बघ, घड्याळ बघ, बटणं बघ म्हटल्यावर तिने ती सगळी बघितली होती. याचं नाव कोणी घेतलं नव्हतं.

"मीच बदललं," ती म्हणाली. "बटण दाबून."

"पुन्हा लाव बरं," गुरुजी म्हणाले. आता त्यांनाही रस वाटायला लागला होता. "थांब, थांब. इथे. बघ, पाणी बोटांच्या टोकांवरून सोडतायत. हे सूर्याचं अर्घ्य. पितरांना द्यायचं, तर अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून सोडतात. म्हणजे जानवं मृतांचं आणि पाणी सूर्याचं. असा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही."

मृण्मयीने नकळत स्वतःची ओंजळ बंद असलेल्या दुसऱ्या मॉनिटरसमोर धरली. काळ्या काचेत डावा हात उजवा झाला होता, पण बोटांची टोकं टोकंच राहिली होती. आरसा खांदा बदलतो, पाणी कुठून पडतं ते बदलू शकत नाही. किती सोपं आहे हे, आणि किती विचित्र! तिला हसू आलं आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं, की आपलं दृश्य गेलं.

"गुरुजी, खरं सांगा," संघर्ष म्हणाला. "सोलापूर, लातूर, ठाणे. किती लोकांना कळणार हे?"

"ते मला कसं ठाऊक असणार? पण ज्याला कळेल, त्याचा सिनेमा तिथेच संपेल. म्हातारा मुलाला पाणी देऊन मोकळा झाला, असं समजून तो घरी जाईल." ते उठले. "तुमचं काम तुम्ही जाणा, संघर्षराव. चल गं."

होळकर पुलावर गर्दीत स्कूटर अडकली. रिक्षांच्या हॉर्नमधून मृण्मयीने मागून विचारलं, "बाबा, ज्यांचं माणूस हरवलंय अशी माणसं तुमच्याकडे येतात?"

"येतात की."

"काय म्हणतात?"

"नातेवाईक बोलतात. ती काही बोलत नाहीत. पायऱ्यांपर्यंत येतात. मग हळूच मला बाजूला घेऊन विचारतात, पुढच्या वर्षी केलं तर चालेल का."

"तुम्ही काय सांगता?"

"चालेल म्हणून सांगतो." पुढची रिक्षा हलली. "नीट धर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालिनीताई आल्या. हातात गाडीची किल्ली, केस कसेबसे वर बांधलेले. संगीतकाराला आणायला त्यांना ओझरच्या विमानतळावर जायचं होतं. त्यांनी उभ्याउभ्याच दृश्य बघितलं आणि दुसऱ्यांदा बघायला बसल्या.

"हे तू लावलंस?"

"हो."

"फार छान. संघर्ष, हे असंच ठेव."

संघर्षने मृण्मयीकडे बघितलं. बोलायचं की नाही हे त्याने तिच्यावर सोडलं होतं.

"ताई, यात एक चूक आहे," मृण्मयी म्हणाली आणि तिने जानव्याचं सगळं सांगितलं. मग मूळ शॉट लावून दाखवला आणि पुन्हा उलटवलेला. मालिनीताई हनुवटीला किल्ली लावून ऐकत राहिल्या.

"आमच्या घरी सगळ्या काकांच्या मुंजी झाल्यात," त्या म्हणाल्या. "आणि मला हे दिसलं नाही."

"मला तरी कुठे दिसलं!"

"पण थांब. राहू दिलं तर? समज, ज्यांना कळतं त्यांना कळलं, की मुलगा आता नाही हे मास्तरांनी मनातून मान्य केलंय. वाईट नाही हे. उलट..." त्या थांबल्या. "तू हे सगळे टेक बघितलेस. तुला काय वाटतं? मान्य केलंय त्यांनी?"

असा प्रश्न तिला कोणी विचारेल असं मृण्मयीला वाटलं नव्हतं. हो म्हटलं असतं, तर दृश्य राहिलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "ते पुढच्या वर्षी करू म्हणणाऱ्यातले आहेत. दरवर्षी."

"म्हणजे?"

तिने पुलावरचं बोलणं सांगितलं. मालिनीताईंनी मूळ शॉट स्वतःच पुन्हा एकदा लावून बघितला.

"मग सुलट कर," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि रस्त्याकडे बघतात हे कसं दाखवायचं ते शोध. मी संध्याकाळपर्यंत येते. नाही सापडलं, तर संघर्ष बघेल."

"बसच उलटवली तर?" त्या गेल्यावर मृण्मयीने विचारलं.

"हां, उलटव. मग पाटीवर 'नाशिक' उलटं, ड्रायव्हर डावीकडे. अमेरिकेतली एस.टी."

ती हसली आणि नदीवरचे सगळे टेक पुन्हा उघडून बसली. तिची एक सवय होती, टेक क्लॅपच्या, म्हणजे पाटी वाजायच्या, आधीपासून बघायचा. संघर्ष त्याला वेळ घालवणं म्हणायचा. पण सगळे तयारीत असतात आणि काहीच सुरू झालेलं नसतं, तेव्हा माणसं कशी दिसतात हे बघायला तिला आवडायचं. दुपारच्या जेवणानंतर एका टेकच्या सुरुवातीला तिला ते सापडलं. नट पाण्यात तयार उभा आहे, जानवं डाव्या खांद्यावर, तोंड सूर्याकडे. क्लॅप अजून व्हायचा आहे. इतक्यात कोणीतरी पायऱ्यांवरून ओरडतं, "सर, चहा घेणार?" आणि नट पटकन डावीकडे वळून बघतो. भुवया उंचावतात, तोंड उघडतं, चेहरा एकदम तरुण होतो.

मृण्मयीने आवाज बंद केला. तिने मास्तरांची ओंजळ ठेवली, त्यानंतर बोटांच्या टोकांवरून पडणाऱ्या पाण्याचा जवळून घेतलेला शॉट लावला, आणि त्यावर हे वळून बघणं. पुढे डावीकडे जाणारी बस. चित्रांखाली फक्त नदीचा आवाज.

"संघर्षदादा, इकडे ये."

त्याने बघितलं. पुन्हा बघितलं. "हा कुठला टेक? असा लूक ताईंनी घेतलाच नव्हता."

"चहाचा."

"कशाचा?"

तिने आवाज सुरू केला. संघर्ष इतका हसला, की खालच्या दुकानातल्या माणसाने वर हाक मारली.

संध्याकाळी तिने मालिनीताईंना दृश्य दाखवलं आणि चहाचं मुद्दाम सांगितलं नाही. त्यांचं मत चहामुळे बदलायला नको, आधी नुसतं बघू दे, असं तिने ठरवलं होतं. मास्तरांनी वळून बघितलं. मालिनीताईंचा हात तोंडाशी गेला.

"त्यांना हाक ऐकू आली," त्या म्हणाल्या.

"हो."

"पण ते भरलेले डोळे गेले. माझा सगळ्यात आवडता शॉट होता तो."

"माझाही."

"असू दे. हेच ठेवायचं. पाणी पडल्यावर जरा थांब, लगेच वळवू नकोस त्यांना." मग त्यांनी विचारलं, "हे मिळालं कुठे तुला?"

मृण्मयीने सांगितलं. मालिनीताईंनी आधी संघर्षकडे बघितलं, मग पडद्याकडे. "आपल्या मास्तरांना कळवू नका," त्या म्हणाल्या, "पुढच्या सिनेमात चहा मागत बसतील." आणि संगीतकाराला जिन्यातून वर बोलवायला त्या बाहेर गेल्या.

खाली गुरुजींचा हॉर्न वाजला. मृण्मयीने पाण्याचा शॉट थोडा लांबवला. मग ती वळून बघण्याच्या शॉटवर आली आणि एकेक फ्रेम पुढे सरकवू लागली. चहासाठी वळलेला माणूस मुलासाठी वळलेला माणूस नेमका कुठे होतो, ते तिला बघायचं होतं. भुवया वर. तोंड अर्धं उघडं. मानेची शीर ताणलेली. प्रत्येक फ्रेममध्ये तो चहाकडेच बघत होता. ती पुन्हा मागे गेली.

हॉर्न दुसऱ्यांदा वाजला.

"आले, बाबा!" ती खिडकीकडे तोंड करून ओरडली आणि आणखी एक फ्रेम पुढे गेली.